चुकलेली गोळी आणि घाबरे मन



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी आम्ही बाबासाहेबांचे शैक्षणिक विचार किंवा बँकेच्या कर्जयोजना यांवर दोन-चार पाने लिहून मोकळे होतो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. तो घ्यावा की नाही, याचा विचार महिनाभर चालला होता. कारण हा विषय निघाला की लोक आवाज खाली करतात. रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेता येते. साखरेची गोळी तर लग्नाच्या पंगतीत सर्रास घेतली जाते. पण मनाच्या आजाराची गोळी घेणारा माणूस आतल्या खोलीत जातो, दार लोटतो आणि मग ती तोंडात टाकतो. आम्हीही कित्येक वर्षे असेच करीत आलो. बावड्यासारख्या गावात कोण कोणत्या डॉक्टरकडे गेला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळते, म्हणून औषधेसुद्धा आम्ही गावात न घेता अकलूज नाहीतर बारामतीहून आणीत होतो.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते भोगलेले, डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि वाचून पडताळलेले आहे एवढेच समजावे. कोणाची गोळी बदलण्याचा अगर बंद करण्याचा अधिकार या लेखाला नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चलनातून काढल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. १० तारखेला शटर उघडले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. जुन्या नोटा ३० डिसेंबरपर्यंत भरून घ्यायच्या होत्या. ते पन्नास दिवस ज्यांनी काउंटरच्या आतून काढले त्यांना ते सांगावे लागणार नाहीत. ऊसतोडीचे मजूर, निराधार योजनेच्या म्हाताऱ्या बाया, मुलीचे लग्न तोंडावर आलेले बाप, सगळे समोर. मोजलेली रोख रात्री जुळली नाही तर फरक ज्याच्या हाती पेटी त्याच्या खिशातून. डिसेंबरात एका संध्याकाळी नोटा मोजताना आमच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. हाताची बोटे बधिर झाली, घशात गोळा आला, अंगाला दरदरून घाम सुटला आणि आता आपण मरणार याविषयी मनात तिळमात्र शंका राहिली नाही. सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेले. पट्टी काढली, ती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका."

हे 'काही नाही' फार जड जाते. त्यानंतर पंधरा दिवसांत तीनदा तसेच झाले आणि तीनदा तेच उत्तर मिळाले. आमच्या आईने मात्र स्वतःचे निदान केले होते. "पोरा, एवढ्या लोकांचा पैसा हाताळतोस, कुणाची तरी नजर लागली," असे म्हणून तिने मीठ-मोहरी ओवाळायला काढली. घरात बाबासाहेबांची तसबीर, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि मध्ये ही मीठ-मोहरी! आम्ही तिच्यावर रागावलो नाही. डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटल्यावर त्या माउलीने काय करावे? चौथ्या महिन्यात एका मनोविकारतज्ज्ञांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि या आजाराला 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणतात असे सांगितले. आजाराला नाव आहे हे कळल्यावरच निम्मे ओझे उतरले.

घाबरण्याचा झटका म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजविणारी यंत्रणा आहे. शेतात पायाजवळ साप दिसला की विचार करण्याआधी माणूस उडी मारतो, ती तिच्यामुळे. घंटा वाजली की मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटते. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी हे सगळे योग्यच आहे. पॅनिक अटॅकमध्ये एवढेच होते की साप नसताना घंटा वाजते. मग आपण श्वास भराभर घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो आणि त्यातून बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोके हलके, चक्कर असे प्रकार घडतात. ही चक्कर पाहून मन आणखी घाबरते, घंटा आणखी जोरात वाजते. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत कळसाला पोहोचतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. अ‍ॅड्रिनलिन कायम टिकत नाही. शरीरच ते मोडून टाकते.

परंतु एक इशारा येथेच देऊन ठेवणे आवश्यक आहे. छातीत दुखणे, दम लागणे हे पहिल्यांदाच होत असेल, किंवा चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह-रक्तदाब असेल, तर 'हा पॅनिकच असणार' असे घरबसल्या ठरवू नये. आधी हृदयाची तपासणी. आमची पट्टी काढली ते योग्यच झाले. चूक झाली ती पुढचे न सांगण्यात.

या आजारावर गोळ्या आहेत, तसेच विचार आणि वर्तन बदलण्याचे समुपदेशनही आहे, आणि दोन्हींचा चांगला उपयोग होतो. गोळ्यांचे ढोबळमानाने दोन गट सांगता येतात. पहिल्या गटातल्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात: एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन वगैरे. यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी उलट थोडी वाढूही शकते. नेमके याच वेळी पुष्कळ लोक गोळी सोडून देतात. दुसऱ्या गटात अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. या तासाभरात आराम देतात, म्हणून फार आवडतात. पण शरीराला त्यांची सवय लागते, म्हणून डॉक्टर त्या मोजक्या दिवसांसाठी देतात. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोपेची झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून 'एच-१' या अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याला डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे लागते. तेव्हा तो चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये.

शिवाजी पार्कवरील दोन रात्री

आमची गोळी पॅरोक्सेटिन. रोज रात्री नऊ वाजता. २०१९ च्या ५ डिसेंबरला पहाटे वस्तीतील पंचवीस-तीस जणांबरोबर आम्ही चैत्यभूमीला निघालो. पांढरे कपडे, चटणी-भाकरी, पुस्तके विकत घेण्यासाठी वेगळे काढलेले पैसे, सगळे आठवणीने घेतले आणि गोळ्यांचे पाकीट खिडकीत राहिले. शिवाजी पार्कवर रात्री पिशवी उपसली तेव्हा लक्षात आले. मनात म्हटले, एका दिवसाने काय बिघडते? तीन वर्षे घेतोच आहोत. सोबतच्यांना सांगावे तर गोळी कसली हे सांगावे लागणार.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरे होते. संध्याकाळी एक विचित्र प्रकार सुरू झाला. डोळे डावीकडून उजवीकडे फिरविले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे व्हायचे. जमीन किंचित हलते आहे असे वाटे. मळमळ होत होती आणि उगाचच चिडचिड. रांगेत धक्का लागला म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थावर आम्ही ओरडलो, त्याची लाज आजही वाटते. मग दादर स्टेशनच्या बाजूला गर्दीत सापडलो आणि ती जुनी धडधड परत आली. तोच घाम, तोच गोळा, तेच मरण.

एका स्वयंसेवक मुलीने आम्हाला पाहिले. कॉलेजात जाणारी असावी. तिने काही विचारले नाही, कडेला दुकानाच्या पायरीवर बसविले आणि म्हणाली, "काका, माझ्याबरोबर श्वास सोडा. घ्यायची घाई नको, आधी सोडा." चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. मग तिने विचारले, समोर कोणकोणते रंग दिसतात? आम्ही निळे झेंडे सांगितले, पांढऱ्या साड्या सांगितल्या, लाल बस सांगितली. पायाखाली काय लागते? दगड. वीस मिनिटांत आम्ही माणसात आलो. तिचे नाव विचारायचे राहून गेले.

७ तारखेला रात्री घरी पोहोचलो. पहिले काम म्हणजे पाकीट काढले आणि तीन गोळ्या तळहातावर घेतल्या: दोन चुकलेल्या आणि एक आजची. आमच्या सौ.नी हात धरला. "अहो, थांबा. डॉक्टरांना विचारते," म्हणून त्यांनी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एकच. चुकलेल्या विसरा. दोन दिवसांत डोक्यातले झटके थांबले.

बँकेत थकलेला हप्ता पुढच्या हप्त्याबरोबर भरता येतो, किंबहुना आम्हीच लोकांच्या मागे लागून तो भरून घेतो. शरीराचा हिशेब तसा नाही. प्रत्येक औषधाचा रक्तातून निम्मे कमी होण्याचा एक काळ असतो. त्याला अर्धायुष्य म्हणतात. माणसागणिक तो कमी-जास्त होतो, पण साधारण आकडे असे: अल्प्राझोलमचे अकरा तास, पॅरोक्सेटिनचे एकवीस तास, एस्सिटालोप्रॅमचे तीस तास, क्लोनाझेपामचे तीस ते चाळीस तास. फ्लुओक्सेटिनचे तर काही दिवसांचे असते आणि शरीरात त्यापासून जो दुसरा पदार्थ तयार होतो तो त्याहूनही जास्त रेंगाळतो. आता खाते मांडून पाहा. ४ डिसेंबरच्या रात्री नऊला आमच्या खात्यात शंभर रुपये शिल्लक होते असे धरू. ५ तारखेला संध्याकाळी सहाला पन्नास उरले. ६ तारखेला दुपारी तीनला पंचवीस. दादरला घाम फुटला तेव्हा चौथा हिस्साही उरलेला नव्हता. हीच गोळी फ्लुओक्सेटिन असती तर दोन दिवसांत बहुधा काहीच जाणवले नसते. म्हणून 'अमक्याने आठवडाभर गोळी सोडली, त्याला काही झाले नाही' हे उदाहरण दुसऱ्याला लागू पडत नाही. त्याची गोळी कोणती हे पाहावे लागते.

तीन गोळ्या एकदम घेतल्या असत्या तर रक्तातली पातळी एकाएकी चढली असती. मळमळ, कंप, गुंगी, धडधड, म्हणजे ज्याला भ्यायलो तेच पुन्हा. अल्प्राझोलमसारखी गोळी दुप्पट घेतली तर झोप इतकी गाढ लागू शकते की मोटारसायकलवर बसणे जिवावर बेतेल. आणि वर दारू असेल तर श्वासच मंदावतो. सर्वसाधारण नियम असा आहे की चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. दुप्पट कधीही नाही. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पुन्हा पूर्ण मात्रा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या गटाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतलेल्या माणसाने त्या एकदम थांबविणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. झोप उडते, हात थरथरतात आणि कधी कधी अपस्मारासारखे झटकेही येतात. त्या आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवाव्या लागतात. धडधडीसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉलही अशीच अचानक सोडू नये.

आणखी एक घोटाळा होतो. गोळी चुकल्याने जो त्रास होतो तो पाहून माणूस म्हणतो, 'माझा आजार परत आला,' किंवा 'मला या गोळीचे व्यसन लागले.' फरक ओळखण्याची खूण आम्हाला डॉक्टरांनी सांगितली ती उपयोगी पडली. चुकलेल्या गोळीचा त्रास दोन-चार दिवसांत येतो, त्यात डोक्यातले विजेचे झटके, चक्कर, विचित्र स्वप्ने अशा पूर्वी नसलेल्या गोष्टी असतात आणि गोळी पुन्हा सुरू केली की लवकर जातो. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने, आपल्या जुन्याच चेहऱ्याने. व्यसन म्हणजे तर तिसरीच गोष्ट. त्यात माणूस मात्रा वाढवीत जातो, गोळीसाठी खोटे बोलतो. रोज रात्री एक गोळी घेऊन सकाळी कामावर जाणारा माणूस व्यसनी नव्हे. बाबासाहेब मधुमेहासाठी इन्शुलिन घेत होते. त्यांना कोणी कमकुवत मनाचे म्हणेल काय?

दुसरा बाण

येथे एक खाजगी गंमत सांगितली पाहिजे. दादरच्या प्रकारानंतर काही महिन्यांनी आम्ही एस.टी.ने पुण्याला निघालो होतो. भिगवण मागे पडले आणि खिशात हात गेला. पाकीट नाही! गोळीची वेळ व्हायला अजून दोन तास होते. रक्तात औषध पुरेपूर होते. तरीही पाच मिनिटांत आमची धडधड सुरू झाली. विचार करा, औषध कमी पडून हे होणे शक्यच नव्हते. गोळी चुकणार या विचारानेच झटका आणला होता. पाकीट पिशवीच्या तळाशी होते, ही गोष्ट अलाहिदा.

संयुत्त निकायात सल्लत्थ सुत्त नावाचे एक लहानसे सुत्त आहे. तथागत तेथे सांगतात की अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि त्यावर लगेच दुसरा. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर केलेल्या शोकाचा, भीतीचा. ज्याला समजले आहे त्यालाही पहिला बाण लागतोच. पण तो दुसरा लागू देत नाही. धडधड हा पहिला बाण. 'आता मी मरणार' हा दुसरा. पॅनिकचा उपचार करणारे आजचे समुपदेशक जे शिकवितात ते जवळपास हेच आहे.

त्याहून नेमके वर्णन मज्झिम निकायातील चौथ्या सुत्तात, भयभेरव सुत्तात आहे. बोधी प्राप्त होण्यापूर्वी आपण रानात एकटे राहत असताना भय कसे येई, हे तथागत स्वतः सांगतात. मोर एखादी काटकी पाडी, वारा पाला हलवी आणि वाटे, आले ते भय. मग त्यांनी ठरविले, चालताना भय आले तर ते जाईपर्यंत थांबायचे नाही, बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. बसलेले असताना आले तर बसूनच त्याला जाऊ द्यायचे. म्हणजे भीतीसाठी जागा सोडायची नाही. प्रत्यक्ष सिद्धार्थ गौतमाला भय वाटत होते आणि ते त्यांनी लपविले नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या दार लोटून गोळी घेणाऱ्याला फार धीर देऊन गेली. पॅनिकच्या रुग्णाने पळू नये याला शास्त्रीय कारणही आहे. बाजारात झटका आला म्हणून बाजारातून पळालो, तर मेंदू शिकतो की बाजारात धोका होता. पुढच्या वेळी बाजाराच्या नावानेच घंटा वाजते. मग बाजार सुटतो, एस.टी. सुटते, लग्नकार्ये सुटतात, शेवटी माणूस उंबऱ्याच्या आत कोंडला जातो. म्हणून जमेल तेवढे तेथेच थांबावे, बसावे, श्वास लांबवावा, त्रिसरण-पंचशील मनात म्हणावे, पण जागा सोडू नये. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा उपाय पूर्वी सांगत; तो आता डॉक्टर सांगत नाहीत, कारण दुखणे दम्याचे किंवा हृदयाचे असेल तर त्याने अपाय होतो. कांदा हुंगविणे, चप्पल हुंगविणे, भोवती गर्दी करणे यांचा तर काहीच उपयोग नाही.

काही उपासक आम्हाला विचारतात, ध्यान करता ना, मग गोळी कशाला? हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, म्हणूनच तो घातक आहे. विनयपिटकात भिक्षूंना ज्या चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत त्यांत चीवर, भोजन, निवारा यांच्या जोडीला औषध आहे. घर सोडलेल्या, सर्वस्व त्यागलेल्या भिक्षूलासुद्धा औषध सोडा असे सांगितलेले नाही. महावग्गात औषधांवर एक अख्खा खंड आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे किती दिवस जवळ ठेवावीत इथपर्यंत त्यात नियम आहेत. आणि अंगुत्तर निकायात चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत: तो पथ्याचे तेच करतो, त्यातही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, सेवा करणाऱ्याला आपली खरी लक्षणे सांगतो आणि वेदना सहन करतो. आम्ही स्वतःला या कसोटीवर लावून पाहिले. शिवाजी पार्कवर तिसरा गुण विसरलो आणि चौथा लाजेने दडविला. पाचव्यावर सगळी भिस्त ठेवली.

विपश्यनेच्या शिबिराबद्दलही सांगावे लागेल. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे आणि आपल्या समाजातून पुष्कळ लोक तेथे व अन्य केंद्रांत जातात. प्रवेश अर्जात मानसिक आजार व चालू औषधे यांविषयी प्रश्न असतात. २०१८ साली आम्ही अर्ज आणला आणि ते रकाने कोरे ठेवण्याच्या बेतात होतो. शिवाय शिबिरापूर्वी आठ दिवस गोळी बंद करून 'शुद्ध' होऊन जावे असाही विचार होता. केवढा मूर्खपणा! दहा दिवस मौन, दिवसाचे दहा तास ध्यान आणि त्यातच गोळी सोडल्याचा त्रास. डॉक्टरांनी सांगितले, रकाने खरे भरा, गोळी चालू ठेवा आणि ते घेतील तर जा. आम्ही खरे भरले. थोडे थांबा, असे उत्तर आले. अजून गेलेलो नाही. घरी मात्र रोज पहाटे वीस मिनिटे आनापान करतो आणि त्याने झोप सुधारली आहे, हे नमूद केले पाहिजे.

गोळी चुकू नये म्हणून काय करतो ते सांगतो. गोळी दात घासण्याशी बांधून टाकली आहे; ब्रशच्या पेल्याशेजारीच डबी असते. डबीला सात वारांचे सात कप्पे आहेत, मेडिकलमध्ये मिळते. 'घेतली की नाही' हा प्रश्न पडला की कप्पा पाहायचा, संशय आला म्हणून दुसरी घ्यायची नाही. दोन गोळ्या पैशाच्या पाकिटात कायम. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि सौ.च्या मोबाइलमध्येही. पाकिटात सात गोळ्या उरल्या की नवीन आणायची. शेवटची गोळी खाऊन मग दुकान शोधायचे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एस.टी. बंद झाली, तेव्हा या सवयीनेच आम्हाला वाचविले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने फोनवरून व व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले, त्यामुळे दूरच्या डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी मिळण्याची सोय झाली. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यांतील पुष्कळ गोळ्या कमी किमतीत मिळतात. नाव वेगळे दिसले तरी आतले औषध तेच आहे का, एवढे विचारून घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. बारामती-पुण्याला खोल्या करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आपली मुले-मुली आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची झोपेची गोळी मागून घेणे हा प्रकार चालतो असे कानावर येते. तो करू नका. तसेच, ज्याची गोळी चालू आहे त्याने 'गुंगी येईल, अभ्यास होणार नाही' म्हणून परीक्षेच्या महिन्यात ती सोडू नये. गुंगी येत असेल तर डॉक्टर वेळ बदलून देतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर सगळ्या घराचे ओझे असते. ते ओझे कमी होत नाही, पण कोणाजवळ तरी बोलता येते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता असे त्यात आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य लोक कोणत्याही उपचाराविना होते. म्हणजे पौर्णिमेला विहारात शंभर माणसे वंदनेला बसली असतील तर त्यांत दहा जण असे धरायला हरकत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि विमा कंपन्यांनी शारीरिक व मानसिक आजारांत भेद करू नये असेही सांगितले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते. झटका आलेला असताना, गोळी चुकली म्हणून जीव कासावीस झाला असताना, किंवा जगणे नको असे विचार मनात येऊ लागले तर अजिबात वाट न पाहता, हा क्रमांक फिरवावा.

आमची मात्रा गेल्या वर्षी डॉक्टरांनी निम्म्यावर आणली. चार महिने लागले, घाई केली नाही. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, त्यामुळे पुण्यापर्यंत जाण्याची गरज प्रत्येक वेळी उरलेली नाही. ज्यांना पहिल्यांदा जायचे आहे आणि एकट्याने जाण्याचा धीर होत नाही, त्यांनी विहारात किंवा बँकेत, काउंटरवर नव्हे, कडेला घेऊन, आम्हाला सांगावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. डॉक्टरांची वेळ आधी विचारून ठेवू आणि सकाळच्या गाडीने सोबत येऊ. काय झाले आहे ते घरी सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.